आपली तक्रार सोडवण्यात आली आहे

सव्वीस वर्षं मी शिव्या खाण्याचा पगार घेतला. घरी पाहुणे आले की नवरा मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "ही मोठ्या कंपनीत आहे." कंपनी मोठी होती हे खरं. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं बनवणारी. क्रिकेटच्या सामन्यात षटक संपलं रे संपलं की ज्यांची जाहिरात लागते त्यांतली एक. मी मात्र नागपुरात इतवारीच्या तोंडाशी, भांड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, तिच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसायचे. खाली दिवसभर घागरी आणि डबे आदळल्याचा आवाज, वर माणसांचा. जिना अरुंद आणि उभा. तो चढून येईपर्यंत गिऱ्हाइकाला धाप लागलेली असायची, आणि धाप ओसरली की माझा उद्धार सुरू व्हायचा.

बाहेरच्यांना वाटतं, तक्रार घेणं म्हणजे काय, नाव-पत्ता तर लिहून घ्यायचा. तसं नाही. गिऱ्हाईक "थंडच होत नाही" म्हणतं, तेव्हा त्याला नक्की काय म्हणायचं आहे ते काढून घ्यावं लागतं. वर बर्फ होतो का, खाली थंड राहतं का, मोटरचा आवाज येतो का, येतो तर सारखा येतो की थांबून थांबून. एवढ्या चार प्रश्नांवरून टेक्निशियनच्या पिशवीत कोणता पार्ट द्यायचा ते ठरतं. अंदाज चुकला तर बिचारा मे महिन्याच्या उन्हात शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हात हलवत परत येतो. मी फारशी चुकायचे नाही. आमचा सगळ्यांत जुना टेक्निशियन ढोक म्हणायचा, "ताईनं कानानं फ्रिज पाहिला, आता मी डोयानं पाहून येतो."

रागाचंही माझं एक तंत्र होतं. गिऱ्हाइकाच्या बाजूला एक खुर्ची पाहिजे म्हणून मी मॅनेजरशी वर्षभर भांडले होते. उभा माणूस जेवढा ओरडू शकतो तेवढा बसलेला ओरडू शकत नाही. आधी खुर्ची, मग पाणी, मग पाच मिनिटं काही म्हणजे काही बोलायचं नाही. तो दमला की विचारायचं, "बिल आहे का सोबत?" बिल शोधता शोधता माणूस निम्मा शांत होतो. नवीन आलेल्या मुलींना मी हे सगळं शिकवायचे आणि त्याचा मला गर्वही होता.

त्यातही काही वल्ली होत्या. इतवारीतले एक कापडाचे व्यापारी चार फोन करून कंटाळले आणि एके दिवशी फ्रिजच हातगाडीवर घालून घेऊन आले. दोन हमालांनी तो जिन्यावर चढवला आणि तो वळणावर असा अडकला की ना वर येईना ना खाली जाईना. तासभर शेठजी फ्रिजच्या खालच्या बाजूनं ओरडत होते, मी वरच्या बाजूनं समजूत घालत होते, आणि चहावाला त्यांचा कप फ्रिजच्या डोक्यावरून पलीकडे देत होता. शेवटी ढोकनं जिन्यावरच दार उघडून पाहिलं तर आतलं बटण शून्यावर. घरात कोणीतरी पुसताना फिरवलं असणार. शेठजी खजील होतील असं मला वाटलं, पण कसले होतात! म्हणाले, "शून्यावर फ्रिज चालत नाई, मंग तुमच्या कंपनीनं शून्य ठेवलंच कायले?" 

महाल भागातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना आम्ही छापील उत्तर पाठवलं की त्या ते लाल शाईनं तपासून परत पाठवायच्या. "क्षमस्व" या शब्दाखाली एकदा त्यांनी लिहिलं होतं, "कोण? नाव लिहा."

अशा माणसांमुळे माझं एक मत बनलं होतं. मला वाटायचं की लोकांच्या रागातला निम्मा आमच्यावरचा असतो आणि निम्मा उन्हाचा, महागाईचा, घरातल्या कटकटीचा. तो काढायला आम्ही सापडतो. कंपनीचा मालक त्यांना कधी दिसत नाही, मी दिसते. म्हणून फार मनाला लावून घ्यायचं नाही. कोणी अगदीच आवाज चढवला तर माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "काका, फ्रिज बंद पडल्यानं कोणी मरत नाई. दोन दिवस माठातलं पाणी प्या, गोड लागते." बहुतेक लोक हसायचे. मागच्या टेबलावरच्या मुली तर हटकून हसायच्या.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगते, कारण सगळं तिथूनच आहे.

दिवसभरात आलेल्या तक्रारी संध्याकाळी सहाला मोजल्या जायच्या. कोणतीही तक्रार दोन दिवसांपेक्षा जास्त काळ उघडी दिसली की वरून फोन यायचा, आमच्या मॅनेजरला बोलणी बसायची आणि मग आम्हाला. पण फ्रिजचा पार्ट कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. तो नागपुरात बनत नाही. मग करायचं काय? तर सहाच्या आधी अशा सगळ्या तक्रारी बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तक्रारी नव्या नंबरानं पुन्हा उघडायच्या. हिला आम्ही झाडलोट म्हणायचो. ही रीत माझीच. वही होती तेव्हापासूनची. जुन्या पानावर रेघ मारायची, नव्या पानावर तेच नाव लिहायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. नाव यादीतून पडत नव्हतं, टेक्निशियन जायचा तो जायचाच. उलट मॅनेजर माझं कौतुक करायचे, "आपलं सेंटर ताईंमुळं स्वच्छ."

पुढे वही गेली, कॉम्प्युटर आला. झाडलोट तशीच राहिली, फक्त रेघेऐवजी बटण. मग दोनेक वर्षांपूर्वी कंपनीनं एक सुधारणा केली. तक्रार बंद केली की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आपोआप संदेश जाऊ लागला: "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल धन्यवाद." लोक चिडून फोन करायचे, अजून कोणी आलंच नाही आणि सोडवली कशी? आम्ही सांगायचो, "सिस्टमचा मेसेज आहे हो, लक्ष देऊ नका, माणूस येईल." माणूस यायचाही. मला त्या संदेशाची कटकट वाटायची, भीती कधी वाटली नाही. एखादी गोष्ट आपण वीस वर्षं करत आलो की ती आपल्याला दिसेनाशी होते.

गेल्या मे महिन्यात नंदनवनचे भोयरकाका आले. सत्तरीचे, उंच, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. त्यांच्या फ्रिजची तक्रार दोन दिवस पडून होती, कारण उन्हाळ्यात सगळ्या नागपूरचेच फ्रिज पडतात. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"तुमची कंपनी चोर आहे," ते म्हणाले. "टीव्हीवर सांगता, एका फोनवर हजर. मी किती फोन केले? घरात लेकराचं औषध आहे, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं आम्ही. रोज उठून दुसऱ्याच्या दारात जा लागते. तुमाले काई शरम?"

औषध हा शब्द मी ऐकला. शपथेवर सांगते, ऐकला. पण उन्हाळ्यात दिवसाला दहा जण औषध म्हणतात; कोणाचे डोळ्यांचे थेंब, कोणाचं आणखी काही. दाराशी आणखी पाच जण उभे होते. मी माझं ते ठरलेलं वाक्य म्हटलं. मागच्या मुली हसल्या. काका हसले नाहीत. हात जोडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा बाई, वा," आणि जिना उतरून गेले. मला कुठेतरी लागलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ढोकला मी पहिलं त्यांच्याकडेच पाठवलं. ओरडणाऱ्याकडे माणूस आधी जातो, हे आमच्या धंद्यातलं उघड सत्य आहे आणि त्याची मला लाजही वाटते.

ढोक आला तो म्हणाला, "मोटरपाशी जो छोटा पार्ट असते, तो गेला. तापला का बंद पडते, थंड झाला का आपोआप चालू होते. मी सध्या चालू करून ठेवला. पार्ट मागवा." काकूंना, म्हणजे भोयरकाकांच्या बायकोला, त्यानं सांगितलं होतं, "चालू केला आहे, पुढचं फोनवर कळवतो." मी पार्ट मागवला. संध्याकाळी सहाला, नेहमीसारखी, झाडलोट केली. त्यात भोयरांची तक्रारही बंद केली आणि सकाळी पुन्हा उघडली. त्या रात्रभराच्या बंद तक्रारीचा संदेश त्यांच्या सुनेच्या मोबाईलवर गेला, कारण घरात नंबर तिचाच दिलेला होता.

आठेक दिवसांनी पार्ट आला. ढोक घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, नात दवाखान्यात आहे, आयसीयूत.

"काय झालं म्हणे?" मी विचारलं.

"शुगर. लहानपणापासून आहे म्हणे पोरीले. सुई घ्या लागते रोज."

मी "अरे देवा" म्हटलं आणि पार्ट कपाटात ठेवला. खरं सांगते, तोपर्यंतही माझ्या डोक्यात काही जुळलं नव्हतं.

आणखी दहा दिवस गेले असतील. दुपारची वेळ, काउंटर रिकामा. जिन्यात पावलं वाजली आणि भोयरकाका वर आले. मी मनातल्या मनात कंबर कसली, खुर्ची पुढे केली. या वेळी ते बसले. पाणी दिलं, प्यायले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बाई, मी माफी मागाले आलो."

सव्वीस वर्षांत मला कोणी हे म्हटलं नव्हतं. मी गोंधळून म्हणाले, "कशाची हो काका?"

"त्या दिवशी तुमाले चोर म्हटलं, शरम काढली. आनं तुमी तर दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला, फ्रिज सुधरवून दिला, मेसेजबी पाठवला. मी उगाचच तोंड चालवलं. देवानं लगेच दाखवलं मले." त्यांचा आवाज बसला होता. "आमच्याच घरात चूक झाली, बाई. सुनेनं डोस चुकवला. शुगर वाढत गेली, ती आपली सुई वाढवत गेली, तरी उतरेच ना. पोट्टी ओकाऱ्या करून करून बेशुद्ध. डॉक्टरनं पहिलं विचारलं, औषध गरम तर नाई झालं? सुनेनं मेसेज दाखवला. फ्रिज तर कंपनीनं सुधरवला होता न! मंग दुसरं काय उरलं? तिचाच हात चुकला. वाचली पोरगी, घरी आली. पण आता आमची ही सुनेले सुईले हात लावू देत नाई. बोलतबी नाई तिच्याशी. घरात नुसती मसणवट झाली."

मी ऐकत होते.  डोळ्यांपुढे एक-एक गोष्ट येऊन बसत गेली. औषध शेजाऱ्याकडे होतं. संदेश आला. सुनेनं औषध परत आणून आपल्या फ्रिजमध्ये ठेवलं. आतला दिवा लागत होता. मागाहून कळलं, ती नोकरीवरून संध्याकाळी घरी यायची तेव्हा मोटर चालू असायची, म्हाताऱ्यांना दुपारी झोप लागलेली असायची. आणि रोज दुपारी, बाहेर सगळं भाजून निघत असताना, तो फ्रिज तासन् तास बंद पडून आतून तापत होता.

काका उठले. "येतो," म्हणाले. जाताना वळून पुन्हा एकदा हात जोडले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.  ते जिना उतरून गेले.

ढोक आल्यावर त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "ताई, आधी पाहू तर द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो पार्ट बसवायच्या निमित्तानं गेला आणि जुना पार्ट काढायच्या आधी आत थर्मामीटर ठेवून पाहिला. परत आला, काउंटरवर पिशवी टेकवली. "खोलीत जेवढी गरमी, तेवढीच आत," म्हणाला. "आनं संध्याकाळी पाहाल तर बर्फ. कोणाले समजन?"

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. तरुण मुलगा, पुण्याहून बदलून आलेला, स्वभावानं वाईट नाही. माझं ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. तो उठून दार लावून आला आणि मला म्हणाला, "ताई, हे तुम्ही कोणालाही बोललेला नाहीत ना?" मुलगी कशी आहे हे त्यानं विचारलं नाही. मी तेच पाहत राहिले. त्यानं वर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "मेसेज सिस्टमनं पाठवला, कोणा व्यक्तीनं नाही. काहीही कबूल करायचं नाही. ग्राहकाला सदिच्छा म्हणून नवीन फ्रिज देऊन टाका आणि समाधानाच्या कागदावर सही घ्या." फोन ठेवल्यावर मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या निवृत्तीला तीन महिने राहिलेत, ताई. कशाला."

माणसं वाईट नव्हती, तरी असं बोलत होती, याचा मला जो हादरा बसला तो अजून ओसरलेला नाही. आणि त्याहून मोठा हादरा हा, की तशी मीही त्यांच्यातलीच एक होते. सिस्टमनं पाठवला म्हणे! सहाला बटण माझ्या बोटानं दाबलं जायचं.

लोकांचा मोठ्या कंपन्यांवरचा राग रास्त असतो का, असं मला या लेखासाठी विचारण्यात आलं. यंत्राबद्दल म्हणाल तर निम्मे लोक चुकतात. बटण शून्यावर असतं, प्लग सैल असतो. पण त्यांना राग यंत्राचा नसतोच, हे मला फार उशिरा कळलं. बिघडलेला फ्रिज कोणीही समजून घेतो. आपल्याशी कोणी खरं बोलत नाही आणि ते खोटं बोलणारा माणूसही सापडत नाही, याचा तो राग असतो. तो शंभर टक्के रास्त आहे. आमच्या मुख्याध्यापिकाबाई नाव मागत होत्या, तेव्हा मी ते पत्र ऑफिसभर दाखवून हसले होते.

माझ्या नोकरीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते महत्त्वाचं नाही. कारणे दाखवा नोटीस आली, कॉम्प्युटरचा पासवर्ड काढून घेतला, शेवटचे दोन महिने मी गोदामात खोके मोजले आणि निरोप समारंभाशिवाय निवृत्त झाले. झाडलोट चालू आहे की थांबली, मला माहीत नाही. कोणी सांगत नाही.

मला सांगायची आहे ती त्या आठवड्यातल्या रविवारची दुपार. मी रिक्षा करून नंदनवनला गेले. घरात चौघं होती. काका, काकू, त्यांची सून प्रणाली आणि अकरा वर्षांची ऋतू. प्रणालीचा नवरा चंद्रपूरला नोकरीला, तो सुटी संपवून परत गेलेला. नवा फ्रिज मिळणार असा कंपनीचा फोन त्यांना आला होता; काकांना वाटलं मी त्याचंच सांगायला आले. "या, या," म्हणत त्यांनी खुर्ची दिली. मी बसले नाही. ऋतूला पंख्याखाली निजवलं होतं, हाताला सलाईनच्या सुईचा काळा-निळा डाग अजून होता. काकूंच्या मांडीवर एक प्लास्टिकचा डबा होता आणि त्यावर त्यांचा हात. प्रणाली स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, आपल्याच घरात पाहुण्यासारखी.

मी सरळ सुरुवात केली. फ्रिज सुधारला नव्हता. तो दुपारी बंद पडायचा. संदेश खोटा होता आणि तो माझ्यामुळे गेला, हे सांगितलं. झाडलोट काय असते तेही सांगितलं. सांगताना ते फार हलकट वाटत होतं.

काका म्हणाले, "म्हणजे? सुधरलाच नोता?"

"नाही."

"मंग मी माफी मागून गेलो तवा तुमी काहून नाई बोलल्या?"

 प्रणाली दारातून दोन पावलं पुढे आली. ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच हिशेब लावत होती. "बुधवारी सकायी मी औषध शेजारून आणलं. मेसेज पाहूनच आणलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग डोस माहा बरोबर होता?"

"तुमचा डोस काय होता ते मला नाही कळत. पण औषध तापलं होतं एवढं मी सांगू शकते. डॉक्टरांना विचारा."

तिनं तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांना सगळं सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही.  मग डॉक्टर म्हणाले, "रोज दुपारभर तसं राहिलं असेल तर इन्सुलिनमध्ये काही उरलंच नसणार. तुम्ही कितीही डोस दिला असता तरी साखर उतरली नसती. मी विचारलं होतं, पण तुम्ही मेसेज दाखवलात, म्हणून मीही तो विषय सोडला." प्रणाली म्हणाली, "सर, एवढं परत एकदा सांगा, जरा जोरानं." त्यांनी परत सांगितलं. ती काकूंकडे बघत होती.

फोन ठेवून तिनं ऋतूच्या दप्तरातली वही काढली, कोरं पान फाडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "लिहून द्या."

काउंटरवरून कधीही काहीही लेखी द्यायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मीच तो नव्या मुलींना शिकवायचे. मी टेबलाशी वाकले आणि लिहिलं. तक्रार सुटली नव्हती. सुटली असा संदेश गेला तो खोटा होता. तक्रार बंद करण्याचं काम मी केलं. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. प्रणालीनं ते दोनदा वाचलं, मोबाईलनं फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा शोधला, नाही सापडला, तर डोळ्यांपासून लांब धरून ओठ हलवत वाचत राहिल्या. वाचून झाल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

ऋतूच्या जेवणाची वेळ झाली होती. त्याआधी सुई. ती उठून बसली आणि सवयीनं आजीकडे बघू लागली. काकूंनी मांडीवरचा डबा उचलला. त्या उठल्या, सुनेपाशी गेल्या आणि डबा तिच्या हातात ठेवला. "घे वं," म्हणाल्या. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

प्रणालीनं हात धुतले. नव्या औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली, सुई भरली, आकडा दोनदा तपासला. ऋतूनं फ्रॉकची कड वर केली. "आई, तुझी दुखत नाई," ती म्हणाली. प्रणालीनं सुई दिली, बोटानं जागा दाबून धरली, आणि तेवढा वेळ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

मी दाराशी उभीच होते. मला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. मग प्रणाली माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ती बोलेल, ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. ओरडण्याचं मला माहीत आहे; खुर्ची, पाणी, पाच मिनिटं. पण लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू बोलली.

"तुमी खरं सांगितलं, बरं केलं. आता या. आनं आमच्या दारात परत नका येऊ."

 मी चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात बाहेर पडले.